भाकरी आणि उपदेश

परोपकारावर देणाऱ्यांनीं लिहिलेलीं पुस्तकें पुष्कळ आहेत; घेणाऱ्यांनीं लिहिलेलीं फार थोडीं. ह्याचें कारण उघड आहे. ज्याच्या हातीं भाकरी असते त्याच्याच हातीं बहुधा लेखणीही असते. आणि जो भाकरीच्या शोधांत दिवस घालवितो, त्याला लेखणी धरण्याइतकी उसंत मिळत नाहीं. मोठमोठ्या शहरांतील दरिद्री वस्त्यांत ख्रिस्ती धर्मोपदेशकांनीं जें कार्य केलें, त्याविषयींच्या वाङ्मयासही हाच नियम लागू पडतो. आपल्याकडे ह्या कार्याचा विषय निघाला म्हणजे दोनच सूर ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, हीं माणसें म्हणजे दयेचे केवळ पुतळे. दुसरा म्हणतो, भुकेचा फायदा घेऊन धर्माचा सौदा करणारे हे व्यापारी. दोन्ही पक्षांचें लक्ष देणाऱ्याच्या अंतःकरणाकडे असतें. घेणाऱ्याला काय वाटलें, हें विचारण्याचें सहसा कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

प्रस्तुत लेखांत आम्ही ह्या विषयावरील चार इंग्रजी पुस्तकांचा परामर्श घेणार आहों. चारही पुस्तकांत लंडन शहरांतील गोरगरीब आहेत, आणि आम्हीं तीं मुद्दाम निवडलीं आहेत. आपल्या देशांत हा प्रश्न निघतांच परकी सत्ता, धर्मांतर आणि जातिभेद ह्यांची इतकी धूळ उडते कीं, मूळ वस्तु दिसेनाशी होते. लंडनमध्यें देणारा आणि घेणारा दोघेही बहुधा एकाच देशाचे, एकाच भाषेचे आणि निदान नांवापुरते एकाच धर्माचे होते. तेव्हां भुकेल्या माणसाला भाकरीबरोबर उपदेश द्यावा कीं नाहीं, हा प्रश्न तेथें पुष्कळ स्वच्छ स्वरूपांत पाहावयास मिळतो.

पहिलें पुस्तक जनरल विल्यम बूथ ह्यांचें 'इन डार्केस्ट इंग्लंड अँड द वे आऊट' हें होय. बूथ ह्यांचा जन्म १८२९ सालीं नॉटिंगहॅम येथें झाला. लहानपणींच त्यांना वस्तु गहाण ठेवून घेणाऱ्या एका सावकाराच्या दुकानांत उमेदवारी करावी लागली. तेव्हां दारिद्र्याची ओळख त्यांना पुस्तकांतून करून घ्यावी लागली नाहीं. १८६५ सालीं त्यांनीं लंडनच्या व्हाइटचॅपल भागांत धर्मोपदेशाचें कार्य आरंभिलें, आणि १८७८ सालीं त्या संस्थेस 'साल्व्हेशन आर्मी' हें नांव दिलें. आपल्याकडे ती 'मुक्तिफौज' ह्या नांवानें ओळखली जाते. गणवेष, निशाण, ढोल, बिगुल आणि लष्करी हुद्दे हा सारा थाट घेऊन ही फौज दारूच्या गुत्त्यांसमोर भजनें म्हणूं लागली, तेव्हां सुशिक्षितांनीं तिची थट्टाच केली. ती थट्टा १८९०च्या ऑक्टोबरांत ह्या पुस्तकानें पुष्कळशी थांबविली. डब्ल्यू. टी. स्टेड ह्या नामांकित पत्रकाराचें लेखनास साहाय्य होतें, आणि वृत्तपत्री भाषेचा वेग व टोंचणी पानोपानीं जाणवते.

पुस्तकाचें नांवच एक कोटी आहे. त्याच वर्षीं प्रवासी स्टॅन्ली ह्याचें 'इन डार्केस्ट आफ्रिका' हें पुस्तक प्रसिद्ध होऊन घरोघरीं वाचलें जात होतें. बूथ ह्यांचें म्हणणें असें कीं, आफ्रिकेंतील घोर अरण्याचीं वर्णनें वाचून हळहळणाऱ्या सद्गृहस्थांनो, तसेंच अरण्य तुमच्या देवळापासून चार पावलांवर आहे. इंग्लंडच्या लोकसंख्येपैकीं सुमारें ३० लाख, म्हणजे दहांतला एक, दारिद्र्यांत पार बुडालेला आहे, असा त्यांचा हिशेब होता. 'बुडालेला दशांश' हा शब्दप्रयोग त्यांच्यामुळेंच रूढ झाला. त्याहून मार्मिक त्यांचा भाड्याच्या गाडीच्या घोड्याचा दृष्टांत. लंडनच्या रस्त्यावर असला घोडा पडला तर, तो कसा व कोणाच्या चुकीनें पडला ह्याचा खल न करितां लोक त्याला आधीं उठवितात. आणि जिवंत आहे तोंवर त्याला दाणा, निवारा आणि काम मिळतें. बूथ विचारतात, एवढी सनद घोड्याला आहे, मग माणसाला कां असूं नये?

हा दृष्टांत आम्हांस इंग्रजी गद्यांतील उत्कृष्ट दृष्टांतांपैकीं एक वाटतो. त्यांत उपदेशकानें उपदेशकाच्याच धंद्यावर प्रहार केला आहे. पडलेल्याच्या पापाची चौकशी आधीं आणि मदत मागाहून, ही त्या काळच्या धर्मादाय मंडळ्यांची रीत होती. बूथ ह्यांनीं ती उलटी केली. उपाशी आणि थंडीनें कुडकुडणाऱ्या माणसाच्या कानांत शास्त्रवचनें शिरत नाहींत, हें त्यांनीं प्रांजळपणें कबूल केलें. 'आधीं पोटोबा, मग विठोबा' ही आपली म्हण त्यांना ठाऊक असती तर ती त्यांनीं पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घातली असती.

परंतु ह्याच पुस्तकांत त्याचें वैगुण्यही आहे. थेम्स नदीच्या बांधावर बांकांवर रात्र काढणाऱ्या लोकांना विचारपूस करून त्यांचीं उत्तरें बूथ ह्यांनीं क्रमांक घालून छापलीं आहेत. पहिल्याच क्रमांकाचा मनुष्य धंद्यानें मिठाईवाला आहे. वय होत चाललें, सांधे धरले, आणि तरुण माणसें स्वस्तांत मिळतात म्हणून मालकानें त्याला काढून टाकलें आहे. चार ओळींत एक संपूर्ण शोकांतिका आहे. पण ती चार ओळींतच संपते. पुढें हा मिठाईवाला पुस्तकांत पुन्हां दिसत नाहीं. क्रमांकाच्या मागें जो माणूस होता तो हळूहळू 'दशांशां'त विरघळून जातो, आणि त्याच्यासाठीं आंखलेली योजना तेवढी उरते: शहरांत एक वसाहत, खेड्यांत शेतीची वसाहत आणि समुद्रापार तिसरी. ह्या योजनेच्या आरंभासाठीं बूथ ह्यांनीं एक लाख पौंड मागितले. शास्त्रज्ञ हक्सले ह्यानें 'टाइम्स' पत्रांत एकामागून एक पत्रें लिहून, एका माणसाच्या हुकमतीखालीं एवढी संपत्ति आणि एवढी आज्ञाधारक फौज देणें घातक होय, असा इशारा दिला. पैशांच्या विनियोगाविषयीं १८९२ सालीं चौकशी झाली आणि ते योग्य रीतीनें खर्च झाल्याचें ठरलें. हक्सलेची मुख्य भीति मात्र पैशांच्या हिशेबानें दूर होणारी नव्हती. ती आज्ञेविषयीं होती.

ह्या पुस्तकाचा मुंबईशीं एक संबंध आहे, तो येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. फ्रेडरिक टकर हे पंजाबांतील आपली सनदी नोकरी सोडून मुक्तिफौजेंत शिरले आणि १८८२च्या सप्टेंबरांत थोड्या सोबत्यांसह मुंबईस उतरले. त्यांनीं हिंदी पोषाख केला, 'फकीरसिंग' असें नांव घेतलें, आणि रस्त्यांतून वाजतगाजत मिरवणूक काढल्याबद्दल सरकारचा रोष पत्करला. पुढें ते बूथ ह्यांचे जांवई झाले. सासऱ्यांच्या ग्रंथास पुरवणी म्हणून त्यांनीं 'डार्केस्ट इंडिया' हें पुस्तक लिहिलें, आणि तें मुंबईंत छापलें गेलें. अंधाराचें हें रूपक असें आफ्रिकेहून इंग्लंडांत आणि इंग्लंडांतून हिंदुस्थानांत आलें. रूपक प्रवास करितें तेव्हां तें आपल्याबरोबर आपला दोषही नेतें. अंधार म्हटला कीं, कंदील घेऊन बाहेरून कोणी तरी यावयास पाहिजे असें वाटूं लागतें; आणि अंधारांत राहणाऱ्यांनाही डोळे आहेत, किंवा तो अंधार कोणी तरी खिडक्या बंद करून निर्माण केला आहे, ह्या दोन्ही गोष्टी विसरल्या जातात.

बूथ ह्यांच्या ग्रंथानंतर बारा वर्षांनीं, १९०२ सालीं, अमेरिकन कादंबरीकार जॅक लंडन फाटके कपडे घालून लंडनच्या पूर्व भागांत राहिला, आणि १९०३ सालीं त्यानें 'द पीपल ऑफ द अबिस' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत मुक्तिफौजेच्या रविवारच्या फुकट न्याहारीचें एक प्रकरण आहे. रात्रभर पोलिसांच्या हुसकावण्यामुळें चालत राहिलेले लोक अंगणांत दाटीनें तासन्‌तास उभे आहेत. नीट उभे राहा, नाहीं तर न्याहारी मिळणार नाहीं, अशी तंबी त्यांना दिली जाते. आणि शेवटीं पावाचे तुकडे व पातळ चहा पदरांत पडतो. खाणें झाल्यावर लेखक, कामासाठीं जावयाचें आहे, उपासनेस न थांबतां जाऊं द्या, अशी विनवणी करितो. तेव्हां अधिकारी रागावतो, आणि मोठ्या मिनतवारीनें त्याची सुटका होते. लेखक समाजवादी होता आणि धर्मसंस्थांविषयीं त्याला प्रेम नव्हतें, ही गोष्ट जमेस धरूनही हें प्रकरण बूथ ह्यांच्या घोड्याच्या सनदेवरील बोचक टीकाच ठरतें. पडलेल्या घोड्याला उठवितांना त्याच्याकडून कोणी भजन म्हणवून घेत नाहीं.

ह्याच मर्मावर बर्नार्ड शॉ ह्यानें आपलें 'मेजर बार्बरा' हें नाटक उभें केलें. त्याचा पहिला प्रयोग १९०५च्या नोव्हेंबरांत झाला. नायिका बार्बरा ही तोफा आणि दारूगोळा बनविणाऱ्या एका कोट्यधीशाची मुलगी. ती मुक्तिफौजेंत मेजर होऊन वेस्ट हॅमच्या निवाऱ्यांत काम करिते. दुसऱ्या अंकांत तेथील अंगण रंगभूमीवर येतें, आणि शॉची तीक्ष्ण दृष्टि तेथें सर्वांत चांगली चालली आहे. तेथें जेवणारा एक लबाड तरुण आणि एक बाई आपापसांत कबूल करितात कीं, आपण सांगतों इतकीं पापें आपण केलेलीं नाहींत. पण पाप जितकें भयंकर तितका उद्धार मोठा, आणि उद्धार जितका मोठा तितकी वर्गणी अधिक! भाकरीवर कबुलीची अट घातली कीं, भूक खोट्या कबुल्या पिकविते, हा सिद्धान्त शॉनें दोन हास्यकारक पात्रांच्या तोंडून सांगितला आहे.

त्याच अंगणांत पीटर शर्ली नांवाचा एक मजूर येतो. त्याचें वय ४६. केस पिकले म्हणून कामावरून काढलेला. हात पसरण्याची त्याला इतकी लाज वाटते कीं, समोरचा पाव त्याच्या घशाखालीं उतरत नाहीं. हा बूथ ह्यांच्या पहिल्या क्रमांकाच्या मिठाईवाल्याचाच सख्खा भाऊ नव्हे काय? बूथ ह्यांनीं त्याला क्रमांक दिला. शॉनें त्याला नांव, स्वाभिमान आणि तोंड दिलें. पुढें दारूचा एक बडा कारखानदार फौजेला पांच हजार पौंड देऊं करितो, आणि बार्बराचा बाप उरलेल्या पांच हजारांची भर घालतो. फौज ते पैसे आनंदानें घेते. दारू आणि तोफा ज्यांना बुडवितात त्यांना वर काढण्यासाठीं दारूवाल्याचा आणि तोफवाल्याचाच पैसा, हें पाहून बार्बरा कोटावरील बिल्ला काढून ठेवते. शेवटीं बापाच्या कारखान्याच्या गांवीं, जेथें सर्वांचीं पोटें भरलेलीं आहेत तेथें, उपदेश करण्याचें ती ठरविते. कारण तेथें भाकरीची लांच द्यावी लागणार नाहीं.

नाटक म्हणून हें अत्यंत चतुर आहे. पण चातुर्याचा एक दोष असा कीं, तें प्रश्न सोडविण्याऐवजीं प्रश्नाची जागा बदलतें. तिसऱ्या अंकांत अंगण नाहींसें होतें, आणि त्याबरोबर पीटर शर्लीच्या भुकेचा प्रश्नही. बार्बराच्या आत्म्याचें काय झालें हें आपणांस सविस्तर कळतें; पावाच्या तुकड्याजवळ बसलेल्या म्हाताऱ्याच्या मनाचें काय झालें, ह्याची नाटककारास फारशी फिकीर उरत नाहीं. म्हणजे ज्या वैगुण्यासाठीं आम्हीं बूथ ह्यांस दोष दिला, तेंच वैगुण्य, अधिक झगझगीत पोषाखांत, शॉच्या नाटकांतही शिरलें आहे.

हा दोष आम्हांस स्वतःला दिसला असें म्हटलें तर तें खरें होणार नाहीं. आम्ही हें नाटक वर्गांत अनेक वर्षें शिकवीत होतों, आणि 'भाकरीची लांच' ह्या कल्पनेवर रंगून व्याख्यान देत होतों. एके वर्षीं तास संपल्यावर एक विद्यार्थी मागें राहिला. गिरणगांवांतील चाळींतून येणारा, वर्गांत क्वचित् बोलणारा तो मुलगा होता. तो म्हणाला, "सर, माझी आजी झोंपडपट्टींत वाढली. मिशनच्या बाई तेथें येत. आधीं प्रार्थना, मग पाटी. आजी प्रार्थनेला बसे. ख्रिस्ती कांहीं झाली नाहीं, पण वाचायला शिकली. तुम्ही म्हणतां, ती लांच होती. असेल. पण तिला लांच दिली म्हणून जे रागावले, त्यांच्यापैकीं कोणीं तिला लांचेशिवाय पाटी दिली होती काय?" आम्हीं थोडा वेळ थांबून विचारलें, "आणि आजीचें स्वतःचें काय म्हणणें होतें?" तो हंसला. "ती म्हणे, डोळे मिटून बसायला मला कंटाळा येई, पण बाई आमच्या दारांत चिखलांत उभ्या राहत, एवढें खरें."

त्या दिवशीं आम्हांस घरीं जातांना आपल्या व्याख्यानाची लाज वाटली. शॉचा आक्षेप खोटा ठरला म्हणून नव्हे; तो खराच आहे, आणि त्या आजीच्या कंटाळ्यांतही तोच आक्षेप आहे. लाज वाटली ती ह्याची कीं, तो आक्षेप घेण्याचा अधिकार कोणाला आहे, ह्याचा विचार आम्हीं कधीं केला नव्हता. भरल्या पोटानें दुसऱ्याच्या भाकरीवरील अटींची चिकित्सा करणें हें सोपें काम आहे. ती चिकित्सा खरोखर करूं शकतो तो त्या बांकावर बसलेला माणूस.

म्हणूनच चौथें पुस्तक आम्हांस महत्त्वाचें वाटतें. जॉर्ज ऑर्वेल ह्याचें 'डाऊन अँड आऊट इन पॅरिस अँड लंडन' हें पुस्तक १९३३ सालीं प्रसिद्ध झालें. ऑर्वेल हा जन्मानें दरिद्री नव्हता. पण त्याच्या पुस्तकांत देणाऱ्याकडे घेणाऱ्याच्या जागेवरून पाहिलेलें आहे. मुक्तिफौजेच्या निवाऱ्याची स्वच्छता तो मान्य करितो, आणि तेथील शिस्त व नियम ह्यांनीं येणारी उदासी त्याहून अधिक ठळकपणें मांडतो. एका देवळांत फुकट चहा देऊन मग भटक्यांना प्रार्थनेस बसविलें जातें. तेव्हां तीं दीनवाणीं माणसें वरच्या सज्जांत बसून खालच्या मंडळींची उघड टवाळी करितात. त्यांना थोडा वेळ भीति उरलेली नसते, म्हणून तीं देण्याघेण्याचा हिशेब आपल्या रीतीनें चुकता करितात. ह्याच्या उलट एका तरुण पाद्र्याचें चित्र आहे. तो रात्रीं येतो, रांगेतल्या प्रत्येकाच्या हातांत जेवणाची चिठी ठेवतो, आणि कोणी आभार मानण्यापूर्वींच लाजून निघून जातो. रांगेतले लोक त्याच्यावर खूष होतात, आणि हा कांहीं बिशप होणार नाहीं, असा त्याचा गौरव करितात! आमच्या मतें ह्या सबंध वाङ्मयांत धर्मोपदेशकाला मिळालेली हीच सर्वांत मोलाची पावती होय, कारण ती घेणाऱ्यानें लिहिलेली आहे.

मग बूथ ह्यांचें मोल काय ठरवावें? त्यांच्या ग्रंथापेक्षां, त्या ग्रंथाच्या पाठोपाठ झालेल्या एका लहान गोष्टीवरून तें ठरवावें, असें आम्हांस वाटतें. त्या काळीं आगकाड्या पिंवळ्या फॉस्फरसच्या होत असत, आणि त्याच्या वाफेनें कामगारांच्या जबड्याचें हाड सडत असे. १८९१ सालीं मुक्तिफौजेनें लंडनमधील ओल्ड फोर्ड येथें स्वतःचा आगकाड्यांचा कारखाना काढला. तेथें निरुपद्रवी तांबडा फॉस्फरस वापरला, आणि कामकऱ्यांना इतरत्र मिळे त्याहून अधिक मजुरी दिली. आगकाड्या महाग पडत. धंदा म्हणून तो कारखाना दहा वर्षांच्या आंत-बाहेरच टिकला. पण धंद्यांतील मोठ्या मंडळ्यांना पिंवळा फॉस्फरस टाकणें भाग पडत गेलें, आणि १९०८ सालीं इंग्लंडांत त्याविरुद्ध कायदा झाला. कायद्याचें सगळें श्रेय बूथ ह्यांचें नव्हे. कामगार स्त्रियांचा १८८८ सालचा संप आणि वृत्तपत्रांची चळवळ हीं त्याआधींचीं आहेत. तथापि जो जबडा वांचला तो कोणत्या देवळांत जातो, हें त्या काडीनें कोणास विचारलें नाहीं. येथें बूथ ह्यांच्या हातांतील कंदील बाजूस राहिला, आणि बंद खिडकीला हात लागला.

आपल्याकडेही ह्याचें एक उदाहरण आहे. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ पर्यंत ऑक्सफर्ड येथें धर्माचें अध्ययन करीत होते, आणि त्या मुक्कामांत तिकडील गरीब वस्त्यांतील धर्मकार्य त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. मिशनऱ्यांच्या नांवानें बोटें मोडण्यांत त्यांनीं आयुष्य घालविलें नाहीं. १८ ऑक्टोबर १९०६ रोजीं मुंबईंत त्यांनीं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं शाळा उघडून निराश्रित साहाय्यकारी मंडळीचें कार्य सुरू केलें, आणि इंग्रजींत तिच्या नांवांत 'मिशन' हाच शब्द ठेवला. आमच्या विद्यार्थ्यानें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं, तो प्रश्न विचारला जाण्यापूर्वीं कितीतरी वर्षें, पाटी देऊन दिलें होतें. अशा उत्तराशिवाय केलेली टीका ही टीका नसून केवळ मत्सर होय.

चारही पुस्तकें मिटल्यावर आमच्या मनांत दोन माणसें उरतात. एक बूथ ह्यांचा क्रमांक पहिला, नदीकांठच्या बांकावर थंडींत बसलेला मिठाईवाला. दुसरी, लंडन कधींही न पाहिलेली, दारांतल्या चिखलांत उभ्या असलेल्या बाईंकडे मिटल्या डोळ्यांच्या फटींतून पाहणारी एक मुलगी. दरिद्री वस्तींत जाणाऱ्या प्रत्येकानें, मग तो क्रूस घेऊन जावो, ग्रंथ घेऊन जावो कीं नुसती पाटी घेऊन जावो, ह्या दोघांना एकदां विचारावें कीं, आम्ही आलों तें तुम्हांस कसें वाटलें. आणि जे आपण कधींच तेथें गेलों नाहीं, त्यांनीं हा प्रश्न विचारण्यापूर्वीं थोडें अधिक थांबावें.